चित्रशाळेतला माणूस गेल्यावर

गोव्यात गावचा चित्रकार गेला की श्रद्धांजलीच्या फलकावर बहुतेक एकच ओळ येते: ‘हरहुन्नरी कलाकार’. ओळ खोटी नसते, पण तिच्यातून काहीच कळत नाही. तो नाटकाचे पडदे रंगवायचा की नुसते दुकानांचे बोर्ड? गणपतीचे साचे त्याचे स्वतःचे होते की कुणाकडून आणलेले? पडद्याच्या रंगात सरस, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट अर्क, किती घालायचा? हे सगळं घरच्यांना तोंडपाठ असतं, पण ते कुणी विचारत नाही, आणि बाराव्या-तेराव्यानंतर घरात आवराआवर सुरू झाली की सगळ्यात आधी चित्रशाळेची, म्हणजे मूर्ती घडवायची-रंगवायची, खोली रिकामी होते.

ज्यांची नावं आज आपण घेतो त्यांची गोष्टही याहून फार वेगळी नाही. सांगेत 1870 साली जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथेच शिकवलं, 1935 साली गेले. पत्नी आणि मुली हेच त्यांचे आवडते मॉडेल. त्यांची मुलगी आंजेला स्वतः नावाजलेली चित्रकार. त्रिंदाद यांची चित्रं आज पणजीत फोन्तेन्यासच्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत बघता येतात, ती कुटुंबानं सांभाळली म्हणून. जुवे बेटावरचे, म्हणजे सांत इस्तेवचे आंजेलो दा फोन्सेका 1967 साली पुण्यात वारले. साडी नेसलेली मरियम रंगवणारा हा माणूस हयातीत स्वकीय ख्रिस्ती लोकांच्याच टीकेचा धनी झाला होता. त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी चित्रं जपली आणि पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपवली. म्हणजे चित्रकार कितीही मोठा असो, कागद आणि कॅनव्हास टिकवतात ते घरचे.

पण त्रिंदाद आणि फोन्सेका यांच्या चित्रांना चौकट होती. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या मूर्ती, जत्रेतल्या नाटकाचे पडदे, नरकासुराचे मुखवटे, शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाचे चित्ररथ ही कामं सणाबरोबर येतात आणि सणाबरोबर जातात. मूर्ती विसर्जित होते, नरकासूर दिवाळीच्या पहाटे जळतो, चित्ररथ मोडून प्लायवूड पुढच्या कामाला लागतं. अशा माणसाचं चित्रांचं प्रदर्शन भरवता येत नाही. मागे उरतात ते साचे, वह्या, गुंडाळलेले दोन-चार पडदे आणि घरच्यांच्या हातातली सवय. जपायचं ते हेच, आणि त्यासाठी आधी काम कसं चालतं ते नीट माहीत हवं.

चवथीपासून सुरुवात करू, कारण वर्षाचा मोठा भाग तिच्यातच जातो. पाऊस लागण्याआधी चिकणमाती आणून टाकतात. ती भिजवायची, खडे आणि मुळं वेचून काढायची, मग लाकडी मोगरीनं कुटत कुटत तिच्यात कापूस मिसळायचा. कापूस मुठीनं टाकून भागत नाही. तो पिंजून, विरळ करून थराथरानं घालावा लागतो. गोळा राहिला तर मूर्ती वाळताना नेमकी तिथेच फुगते. माती वाळली की आकसते, लांबीत साधारण पाच ते दहा टक्के. कापसाचे धागे हा ताण वाटून घेतात. कापूस कमी पडला की मनगट, सोंडेचं वळण आणि कानाची पाळी आधी तडकते, कारण बारीक भाग लवकर वाळतो आणि जाड पोट ओलं राहतं. दोन्ही एकाच वेगानं वाळायला हवेत. म्हणून अनुभवी माणूस बारीक भागांवर ओलं फडकं टाकून ठेवतो आणि पोट उघडं ठेवतो. नवखा नेमकं उलटं करतो.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, पुढचा आणि मागचा असे दोन भाग. मूर्ती मोठी असेल तर हात, सोंड आणि प्रभावळ वेगळी. आत शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची, माती साधारण पाऊण ते एक इंच जाडीनं अंगठ्यानं दाबत बसवायची, दोन्ही भागांच्या कडा खरवडून पातळ चिखल लावायचा आणि साचा जुळवून सुतळीनं आवळायचा. सुक्या साच्यानं मातीतलं पाणी शोषलं की मूर्ती आपोआप सुटते. जुलैत दिवसाला चार-पाच मूर्ती काढल्या की साचा स्वतःच ओलाचिंब होतो, शोषत नाही, आणि नाकाची शेंडी आतच राहून जाते. त्यावर उपाय म्हणजे साच्याला विश्रांती द्यायची. चुलीजवळ ठेवून भाजला तर प्लास्टर भुसभुशीत होतं आणि पुढच्या वर्षी कडा झडतात. एकाच देवाचे दोन-तीन साचे चित्रशाळेत दिसतात ते याचसाठी. त्यातला एखादा टाकाऊ समजून फेकला जातो, तसं करू नये.

मूर्ती मातीची असण्याबद्दल गोव्यात कायद्याचाही आग्रह आहे. प्लास्टरच्या मूर्तींवर इथे बंदी आहे आणि मातीच्या मूर्ती करणाऱ्यांना सरकारच्या हस्तकला महामंडळाकडून मूर्तीमागे अनुदान मिळतं. तरी बाहेरून आलेल्या मालाविषयी दरवर्षी शंका निघतातच. तळाला नखभर खरवडून पाण्याचा थेंब टाकला की माती मऊ पडते, प्लास्टर तसंच राहतं. इतकं सोपं आहे.

वाळल्यावर भेगा भरायच्या, पॉलिश पेपर मारायचा, खडू आणि सरसाचा पांढरा हात द्यायचा, मग रंग. पितांबर, शेला, दागिने, उंदीर, मोदक ही कामं घरातल्या बायका आणि मुलं करतात. प्रत्येकाची वाटणी वर्षानुवर्षं ठरलेली असते: कुणी फक्त नखं आणि बोटं, कुणी फक्त मुकुटावरचे खडे. मुख्य चित्रकार शेवटी डोळे रेखतो. म्हणून एखाद्या चित्रशाळेची मूर्ती ‘त्यांची’ म्हणून ओळखायची असेल तर डोळे बघावेत. भुवईची कमान कुठे सुरू होते, वरची पापणी किती जाड, बुबुळात पांढरा ठिपका कोणत्या बाजूला. हात बदलला की आधी ठिपका सरकतो.

आता पाटाबद्दल, कारण माणूस गेल्यावर पहिला गोंधळ पाटांचाच होतो. अनेक घरांत मूर्ती स्वतःच्या पाटावर घडवून घेतात. पाट आधी चित्रशाळेत पोचवायचा, चवथीला त्याच पाटावरून देव घरी न्यायचा. पाटाच्या खाली खडूनं किंवा ऑइल पेंटनं घराण्याचं नाव, वाडा म्हणजे वस्ती, कधी फक्त एखादी खूण. कुणाचा देव कोणत्या बैठकीचा, उंची किती, सोंड कुठे, पितांबराचा रंग कोणता, कुणाच्या देवाला नाग हवा आणि कुणाला मुळीच चालत नाही, हे घराण्यागणिक ठरलेलं. काही घरांत तर मूर्तीच नसते, कागदावर काढलेला गणपती पुजतात. तो कागदही याच चित्रकाराकडून येतो. सगळं वहीत असतं असं नाही. अर्धं वहीत, अर्धं डोक्यात. म्हणून घरच्यांनी पाट परत देण्याआधी एक काम करावं. प्रत्येक पाट उलटा करून फोटो काढावा, लांबी-रुंदी टिपावी आणि मालक पाट न्यायला येईल तेव्हा त्यालाच विचारावं की तुमचा देव कसा असायचा. बोलता बोलता दहा मिनिटांत जे मिळतं ते नंतर पत्र लिहून मिळत नाही.

नाटकाच्या पडद्यांचं काम वेगळ्या जातीचं. गोव्यात देवळाच्या जत्रेला आणि उत्सवाला गावकऱ्यांनी नाटक बसवण्याची रीत जुनी आहे, आणि देवस्थानाच्या माळ्यावर राजवाडा, रस्ता, जंगल, झोपडी असे रंगवलेले पडदे अजून सापडतात. वीस फूट रुंद आणि बारा फूट उंच पडद्याला छत्तीस इंची मांजरपाटाचे, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाचे, चार आडवे पट्टे लागतात, शिवणीसाठी आणि वर-खाली बांबू घालायला थोडं जास्त. शिवण आडवीच हवी. उभी असली की पडदा लोंबताना शिवणीवर चुण्या पडतात आणि राजवाड्याचे खांब वाकडे दिसतात.

कापड जमिनीवर किंवा भिंतीवर ताणून त्याला सरसाचा अस्तर-हात देतात. सरसाचे तुकडे रात्रभर गार पाण्यात भिजवायचे, सकाळी भांड्यात भांडं ठेवून गरम पाण्यावर विरघळवायचे. उकळी आली की सरसाची ताकद जाते आणि वासही सुटतो. अस्तराला एक भाग सरसाला आठ-दहा भाग पाणी, रंगात घालायला त्याहून पातळ, चौदा-सोळा भागांपर्यंत. पण सरसाची जात दर वेळी वेगळी निघते, म्हणून आकड्यावर विसंबण्यापेक्षा चिंधीवर रंग लावून, वाळवून बोट घासून बघायचं. बोटाला रंग लागला तर सरस कमी. चिंधी चुरगळल्यावर रंगाला कडकडून चिरा गेल्या तर जास्त. जुन्या पडद्यांचं निम्मं नुकसान या दुसऱ्या चुकीनं झालेलं असतं. रंग भरपूर टिकावा म्हणून सरस वाढवला, आणि पडदा चार वेळा गुंडाळल्यावर आभाळ पापुद्र्यांनी खाली आलं.

रंग पुडीचे: पिवडी, गेरू, काव, नीळ, काजळी, आणि सगळ्यांत खडू. काजळी पाण्यावर तरंगते, मिसळत नाही. तिला आधी थोड्या दाट सरसात किंवा स्पिरिटच्या चार थेंबांत घोटून घ्यावं लागतं. ओला रंग गडद दिसतो आणि वाळला की दोन छटा फिका पडतो, म्हणून डब्यातल्या रंगावर भरवसा ठेवून आभाळ रंगवायला घेतलं की एका बाजूला दुपार आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळ होते. आभाळ लागेल तेवढा रंग एकदाच कालवायचा आणि ओल्यात ओलं मिसळत एका बैठकीत संपवायचं. लांबून बघायचं चित्र असल्यामुळे जवळून ते ओबडधोबड वाटतं. पानांचे घोस स्पंजनं किंवा चुरगळलेल्या फडक्यानं ठोकलेले, खांबाची गोलाई तीन पट्ट्यांत उरकलेली. यावरून चित्रकाराला कमी लेखणाऱ्यानं तो पडदा सभागृहात शेवटच्या रांगेत बसून बघावा.

फ्लेक्स आला आणि हे काम जवळपास थांबलं. फ्लेक्सवर रंगमंचाचा दिवा पडला की तो चमकतो, राजवाडा पावसात भिजल्यासारखा दिसतो, पण एका रात्रीत छापून मिळतो. देवस्थान समितीला दोष देण्यात अर्थ नाही.

नरकासुराचा मुखवटा, शिगम्याचा चित्ररथ यांबद्दल थोडक्यात. मुखवट्याला मातीचा उठाव करून त्यावर आधी नुसत्या पाण्यानं भिजवलेल्या कागदाचा एक थर, मग खळीत बुडवलेल्या कागदाचे सहा-सात थर. पहिला थर बिनखळीचा नसेल तर मुखवटा मातीवरून सुटत नाही. प्रत्येक थराला वेगळा कागद, एकदा पांढरा एकदा छापील, म्हणजे कुठे थर चुकला ते दिसतं. चित्ररथात चित्रकाराचं काम मुख्यतः हलणाऱ्या भागांचं आणि चेहऱ्यांचं, आणि ते वाड्यावरच्या पोरांना हाताशी धरूनच होतं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेली ती ‘पोरं’ हीच माहितीची खरी खाण आहे. कुटुंबापेक्षा त्यांना सामानाच्या किमती आणि फसलेले प्रयोग जास्त आठवतात.

कुठल्या गावात चित्रकारानं देवळाच्या भिंतीवर कावीचं, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगातलं, काम केलं किंवा दुरुस्त केलं असेल तर ते वेगळं नोंदवावं. शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, त्यावर काव मिसळलेला तांबडा थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी अणीनं खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेळ चुकली की रेघेची कड तुटते. असं काम टाइल्सखाली आणि ऑइल पेंटखाली भराभर जातंय. जीर्णोद्धाराचा ठराव झाला असेल तर आधी कॅमेरा घेऊन पोचावं, नंतर वाद घालावा.

आता जपण्याचं. गोव्याच्या पावसाळ्यात हवेतला ओलावाच मुख्य शत्रू. बुरशी, झुरळं, कसर, वाळवी हे त्याच्यामागून येतात. सरस म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचा अर्क, म्हणजे किड्यांना आयतं जेवण. पडद्याची घडी कधीच घालू नये. रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळावा, आत-बाहेर धुतलेलं सुती कापड, वरून सैल गाठी. रंगाची बाजू आत ठेवली तर गुंडाळताना रंग दाबला जाऊन सुटतो. प्लास्टिकमध्ये बांधू नये, आत घाम धरतो. जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून सुटा. लोखंडी ट्रंकेत ठेवायचाच असेल तर तळाला लाकडी पट्ट्या. उघडून वारा द्यायचा तो डिसेंबर-जानेवारीत, सावलीत. मे महिन्याच्या उन्हात टाकला तर कापड कुजकं होतं. पाण्यानं पुसणं, वॉर्निश मारणं, मागून फेविकॉल लावून चिकटवणं यांतलं काहीही करू नये. वॉर्निशनं खडूचा रंग तेल प्यायल्यासारखा काळवंडतो आणि ते कधीच परत फिरत नाही.

वह्यांना लॅमिनेशन नको. पानं सपाट करून, खिडकीच्या उजेडात, वरून सरळ फोटो. फोटोत पट्टी आणि कोरा पांढरा कागद ठेवावा म्हणजे माप आणि रंग दोन्हींचा अंदाज राहतो. पडद्याचा फोटो सभागृहात टांगून, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड टाकून, भागाभागानं काढावा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग यायला हवा, तरच ते पुढे जोडता येतात. मागची बाजू विसरू नये. मंडळाचं नाव, नाटकाचं नाव, कधी साल, हे बहुतेक वरच्या बांबूजवळ मागेच लिहिलेलं असतं.

मुलाखत घेताना ‘त्यांच्याबद्दल सांगा’ असं विचारलं की घरचे रडतात किंवा गौरव करतात, माहिती मिळत नाही. सणांच्या क्रमानं विचारावं. माती कधी यायची, कोण उतरवायचं, कापूस कोण पिंजायचं, सरस कोणत्या भांड्यात, शेवटच्या आठवड्यात जेवणं कुठे व्हायची, पैसे आगाऊ मिळायचे की मूर्ती नेताना. बायकोची मुलाखत स्वतंत्र घ्यावी. मुलगे बाजूला बसले की त्या बोलत नाहीत, आणि माती मळण्यापासून हिशेबापर्यंतचं निम्मं काम त्यांचं असतं. वारशाच्या नोंदीत त्यांचं नाव मदतनीस म्हणून नव्हे, कामासकट यावं.

साच्यांचं सगळ्यात अवघड. मूर्ती दरवर्षी पाण्यात जाते, म्हणून त्या हाताची घडण फक्त साच्यात उरते, तीही उलटी. प्रत्येक साच्याच्या दोन्ही भागांना एकच क्रमांक द्यावा, भाग जुळवून बांधावेत, उभे ठेवावेत, एकावर एक रचू नयेत. दुसरी चित्रशाळा मागायला येतेच. द्यायला हरकत नाही, वापरात असलेला साचा पडून राहिलेल्यापेक्षा जास्त टिकतो. पण देण्याआधी प्रत्येक साच्यातून एक मूर्ती काढून, न रंगवता वाळवून ठेवावी, आणि कुणाला, किती वर्षांसाठी, परत करायचा की नाही हे दोन ओळींत लिहून घ्यावं. मूळ साचा हरवला आणि वाळलेल्या मूर्तीवरून नवा काढला तर आकसण्यामुळे देव दर पिढीला थोडा थोडा लहान होत जातो. ठरल्या मापाच्या पाटावर मग तो नीट शोभत नाही, आणि घराणी तक्रार करतात.

गावात आठवणीचा कार्यक्रम करायचा असेल तर चवथीच्या आसपास मुळीच ठेवू नये. तेव्हा बाकीचे मूर्तिकार कामात बुडालेले, घरची मंडळी दमलेली आणि हवा ओली. जानेवारी-फेब्रुवारीत, गावची जत्रा असेल तिच्या आगेमागे ठेवावा. सभागृह तेव्हा साफ झालेलं असतं, बांबू आणि दोर चढवलेले असतात, कोरड्या हवेत पडदे उघडायला भीती नसते. पाट असलेल्या घराण्यांना आधी निरोप द्यावा आणि जुने चवथीचे फोटो घेऊन यायला सांगावं. कृष्णधवल फोटोत देवासमोर घरची माणसं उभी असतात आणि मागे माटोळीखाली, म्हणजे देवावर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, त्यानं घडवलेली मूर्ती दिसते. असे फोटो तिथेच मोबाइलवर टिपून, मागे साल आणि घराचं नाव पेन्सिलनं लिहून परत करावेत. बॉलपेननं लिहिलं तर शाई पुढच्या बाजूला उमटते.